मेसेजमागे पाच सेंट वाढले, आणि दोन वर्षांच्या करारातून आम्ही दंड न भरता सुटलो

अमेरिकेत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ९ जून २००७, शनिवार. आम्ही दोघांसाठी मोबाइलचा फॅमिली प्लॅन घेतला. इथली क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर भरल्याची नोंद, नाही म्हणून दुकानातल्या मुलाने २५० डॉलर डिपॉझिट मागितलं, ते दिलं. फोन फुकट होते, पण दोन वर्षांच्या करारावर. करार मधेच मोडला तर प्रत्येक लाइनीमागे १७५ डॉलर, म्हणजे दोघांचे मिळून ३५०, हेही त्याने सांगितलं होतं. या दंडाला इथे अर्ली टर्मिनेशन फी म्हणतात. आम्ही सही केली. करार मोडायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

१ डिसेंबरला घर बदललं. न्यू जर्सीतच, पण नवी बिल्डिंग एका टेकडीच्या पोटाशी आहे आणि आमचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. पहिल्याच रात्री कळलं की घरात फोन लागत नाही. न्हाणीघराच्या खिडकीपाशी एक काडी दिसायची, तीही फोन कानाला लावला की जायची. आमच्या प्लॅनमध्ये रात्री नऊनंतर मिनिटं मोजली जात नसत, म्हणून भारतात कॉलिंग कार्डाने, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या कार्डावरचा नंबर दाबून, फोन करायचा तो नऊनंतरच. हिवाळ्यात इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात. आईचा चहा झालेला असतो. अख्खा डिसेंबर नवरा आणि मी आळीपाळीने जाकीट, कानटोपी घालून बाहेरच्या जिन्यात उभे राहून बोललो. हातमोजे घातले तर कार्डाचा नंबर दाबता येत नाही आणि काढले तर बोटं बधिर होतात. एकदा आईने विचारलं, "तू रडतेयस का गं?" मी थंडीने हुडहुडत होते.

कंपनीला फोन केला तर त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि दहा दिवसांनी कळवलं की त्यांच्या नकाशावर आमच्या पत्त्यावर सिग्नल 'चांगला' आहे. कव्हरेज प्रत्येक जागी मिळेलच असं नाही, हे करारात आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे घरात फोन लागत नाही या कारणावर सुटका मागता येत नाही. नवीन कनेक्शन परत करायची जी सुरुवातीची थोड्या दिवसांची मुदत असते, ती आमची केव्हाच संपली होती. तुम्ही घर बदलणार असाल तर सही करण्यापूर्वी हातातला फोन घेऊन त्या घरात, अगदी मोरीपर्यंत फिरून बघा. आम्ही फक्त नळाचं पाणी आणि हीटर बघितला.

दुसरा मार्ग होता करार दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचा. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण भारतात परत जाताना तसं करून गेला होता. नवीन माणसाची क्रेडिट तपासतात, ती पटली तर उरलेले महिने तो भरतो. आम्हीही ओळखीत विचारलं. दोन लाइनींचं, दीड वर्ष उरलेलं कॉन्ट्रॅक्ट कोणालाच नको होतं.

आणि मग ६ फेब्रुवारीला, बुधवारी, नेहमीचं बिल आलं. आमची बिलं सहा-सात पानांची असतात आणि मी पहिल्या पानावरची रक्कम बघून चेक लिहीत असे. त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, जेवण झालं होतं, म्हणून सगळी पानं वाचत बसले. चौथ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या: ज्यांच्याकडे मेसेजचा वेगळा प्लॅन नाही त्यांना मार्चपासून एका मेसेजला १५ सेंटांऐवजी २० सेंट पडतील.

भारतातल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या वाढीचं महत्त्व कळणार नाही. आपल्याकडे २००३ पासून येणारा कॉल फुकट आहे. इथे मात्र तेव्हा येणाऱ्या कॉलची मिनिटं जायची आणि येणाऱ्या मेसेजचेही पैसे पडायचे. कोणी चुकून पाठवला, कोणी जाहिरात पाठवली, तरी पैसे घेणाऱ्याचे. म्हणजे मी स्वतः एकही मेसेज केला नाही तरी माझं बिल वाढणार होतं, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

मला तेव्हा एवढंच आठवत होतं की सही केलेल्या कागदांबरोबर एक पुस्तिका मिळाली होती. पासपोर्टच्या फायलीत सापडली. दोन रात्री डिक्शनरी घेऊन वाचली. त्यात एक कलम होतं, ज्याचा अर्थ असा: आम्ही अटी बदलू शकतो, पण तो बदल महत्त्वाचा असेल आणि ग्राहकाच्या तोट्याचा असेल, तर सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत कळवून ग्राहक टर्मिनेशन फी न भरता करार संपवू शकतो. ३० दिवसांत काहीच कळवलं नाही आणि फोन वापरत राहिलात, तर बदल मान्य आहे असं धरलं जाईल.

हे कलम तेव्हा बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या करारांत कुठल्या ना कुठल्या शब्दांत असायचं. दिवस मात्र वेगवेगळे असायचे, आणि ते कुठल्या तारखेपासून मोजायचे हेही वेगळं असायचं. तुमच्या स्वतःच्या पुस्तिकेत बघा, मैत्रिणीच्या नाही. मी कॅलेंडरवर ७ मार्चभोवती गोल केला आणि बिलाचं पाकीट, ज्यावर टपालाची तारीख होती, ते फाडून टाकण्याऐवजी फायलीत ठेवलं.

पहिला फोन ८ फेब्रुवारीला, शुक्रवारी. ४२ मिनिटं लागली, त्यातली वीस नुसती वाट बघण्यात. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की करार मोडला तर ३५० डॉलर अधिक टॅक्स लागतील. मी कलमाचा क्रमांक सांगितला. तिच्यासमोर बहुधा ते पान नव्हतं. ती म्हणाली, मेसेजचा दर हा कराराचा भागच नाही, तो जादाचा पर्याय आहे. मी तिचं नाव, एम्प्लॉयी नंबर आणि वेळ लिहून घेतली आणि आभार मानून फोन ठेवला. हात थरथरत होते, हे खरं आहे. इंग्रजीत वाद घालायची मला सवय नव्हती. समोरच्याने आवाज न चढवताही 'नाही' म्हटलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं.

शनिवारी पुन्हा फोन केला, या वेळी फोनच्या मेन्यूत 'सेवा बंद करायची आहे' हा पर्याय निवडून. हा पर्याय निवडला की ग्राहक टिकवून ठेवणाऱ्या विभागाकडे फोन जातो, त्याला रिटेन्शन म्हणतात, आणि त्यांना साध्या कस्टमर केअरपेक्षा जास्त अधिकार असतात. तिथला गृहस्थ अनुभवी होता. त्याने माझं डिसेंबरचं बिल उघडलं. "मॅम, तुमचे दोन्ही फोन मिळून चौदा मेसेज आहेत. अकरा आलेले, तीन गेलेले. वाढ होते सत्तर सेंट. सत्तर सेंटांना महत्त्वाचा बदल कसं म्हणायचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. 'महत्त्वाचा' म्हणजे नेमका किती, हे करारात कुठेच लिहिलेलं नाही. सगळी लढाई त्या एका शब्दावर होती. मी आदल्या रात्री उत्तर लिहून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं: दर एक तृतीयांशाने वाढला आहे, तो येणाऱ्या मेसेजलाही लागू आहे, ज्यावर माझा ताबा नाही, आणि मी सोळा महिने आणखी बांधलेली असताना तुम्ही किंमत बदलली आहे, मी नाही.

मग त्याने दोन गोष्टी देऊ केल्या. एक, मेसेज पूर्ण बंद करून देतो, म्हणजे वाढीचा प्रश्नच नाही. दोन, वर्षभर दोनशे मेसेजचा प्लॅन फुकट देतो. दुसरी गोष्ट ऐकून नवरा शेजारून खुणा करत होता, "घे ना!" मी घेतली नाही, आणि कोणी तुम्हाला असं काही देऊ केलं तर कृपा करून लगेच हो म्हणू नका. सवलत किंवा नवा प्लॅन घेतला की बदलाने तुमचं नुकसान झालं हे म्हणायला जागा उरत नाही, आणि कधीकधी प्लॅन बदलताना किंवा नवा फोन घेताना कराराची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. फोनवर नुसतं 'ओके' म्हटलेलंही चालायचं त्यांना. मी एवढंच म्हणाले, "मला सवलत नको, मी बदल मान्य करत नाही, आणि हे माझ्या खात्यावर नोंदवून घ्या." त्याने नोंदवलं. नोंदवलेलं वाचून दाखवायला सांगितलं तर तेही केलं.

फोनवर काम होणार नाही हे तेव्हा कळलं. कॉल रेकॉर्ड करायचा विचार आला होता, पण कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत दोन्ही बाजूंची परवानगी असल्याशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, आणि समोरचा माणूस कुठल्या राज्यात बसला आहे हे आपल्याला माहीत नसतं. वहीत लिहिणं बरं.

रविवारी पत्र लिहिलं. एकच पान. खाते क्रमांक, दोन्ही फोन नंबर, सूचना मिळाल्याची तारीख, बिलाचं पान, कलमाचा क्रमांक आणि त्या कलमातली वाक्यं जशीच्या तशी. मग: हा बदल मला मान्य नाही, या कलमाखाली मी करार संपवते आहे, टर्मिनेशन फी लावू नये, दोन्ही नंबर मी दुसऱ्या कंपनीकडे नेणार आहे म्हणून ते जाईपर्यंत लाइनी चालू ठेवाव्यात, आणि १४ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. राग, जिना, थंडी, आई, यातलं काही लिहिलं नाही. पहिल्या मसुद्यात होतं. नवऱ्याने ते खोडलं आणि बरोबर केलं. सिग्नलची तक्रारसुद्धा आम्ही मुद्दाम गाळली, कारण तिच्यावर त्यांच्याकडे तयार उत्तर होतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडला असता.

पत्ता पुस्तिकेत दिलेला होता, लेखी नोटिशींसाठीचा. बिल भरायचा पत्ता वेगळा असतो. तिथे पाठवलेलं पत्र चेक उघडणाऱ्या यंत्रात जातं. १२ फेब्रुवारीला, मंगळवारी, पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसकट पाठवलं. पाच डॉलर आणि वर काही सेंट. या सगळ्या प्रकरणात खर्च केलेले सर्वांत उपयोगी पैसे हेच. रिटर्न रिसीट म्हणजे पोस्टकार्डाएवढं एक हिरवं कार्ड, ते पाकिटाच्या मागे चिकटवतात. पत्र घेणारा त्यावर सही करतो आणि कार्ड टपालाने आपल्याकडे परत येतं. १८ तारखेला प्रेसिडेंट्स डे म्हणून पोस्ट बंद. १९ ला संध्याकाळी पेटीत हिरवं कार्ड होतं. एक कोपरा दुमडलेला, निळ्या शाईत घाईची सही, आणि तारीख १५ फेब्रुवारी. ७ मार्चला अजून तीन आठवडे होते. आता मुदतीत कळवलं नाही असं कोणी म्हणू शकणार नव्हतं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

२५ तारखेला उत्तर आलं. चार ओळींचं, छापील: सदर बदल आमच्या मते महत्त्वाचा नाही, सबब फी लागू राहील. खाली सही नव्हती, विभागाचं नाव होतं.

मी खचले होते. ३५० डॉलर ही आमच्यासाठी मोठी रक्कम होती, आणि त्याहून मोठी भीती क्रेडिटची. आम्ही त्याच उन्हाळ्यात गाडीचं कर्ज काढणार होतो. फी लावली, आपण भरली नाही, आणि त्यांनी खातं वसुली कंपनीकडे दिलं तर नुकती कुठे सुरू झालेली क्रेडिट हिस्टरी खराब होणार. शिवाय २५० डॉलर डिपॉझिट त्यांच्याकडेच होतं, ते त्यांनी परस्पर वळतं केलं असतं. नवरा म्हणाला, "जिन्यात बोलू अजून वर्षभर, काय होतंय." तो मला त्रास होऊ नये म्हणून म्हणत होता. पण २५ चं पत्र मी तीनदा वाचलं आणि लक्षात आलं की त्यांनी कलम लागू नाही असं म्हटलेलंच नाही. 'आमच्या मते' एवढंच म्हटलं होतं. मत विचारणारा दुसरा कोणीतरी हवा होता.

तो म्हणजे एफसीसी, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था. त्यांच्याकडे 'इन्फॉर्मल कम्प्लेंट' नावाची साधी तक्रार करता येते. वकील नको, फी नाही, नागरिक असायची अट नाही. ऑनलाइन फॉर्म भरता येतो. ते ती तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, त्याची प्रत आपल्याला. एफसीसी स्वतः निवाडा करते असं नाही. पण कंपनीत ही तक्रार कॉल सेंटरकडे जात नाही, वरच्या कार्यालयाकडे जाते, आणि तिथे कोणीतरी करार उघडून वाचतो. सगळा फरक एवढ्याने पडतो असं माझं मत झालं आहे.

२६ फेब्रुवारीला फॉर्म भरला. सगळं पुन्हा तेच, तारखांसकट, आणि शेवटी मला काय हवं ते एका वाक्यात: फी न लावता दोन्ही लाइनी बंद कराव्यात आणि डिपॉझिट परत करावं. दरम्यान मार्चचं बिल आलं, ते वेळेवर पूर्ण भरलं, सोबत चिठ्ठी जोडून की बिल भरते आहे याचा अर्थ नवा दर मान्य आहे असा नाही. वाद चालू असताना बिल थकवू नका. थकबाकी झाली की तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी आधी थकबाकीवरच बोलणं सुरू होतं.

१० मार्चला, सोमवारी दुपारी, मी लायब्ररीत असताना फोन आला. तिथे सिग्नल येतो, हे माझं नशीब. कंपनीच्या वरिष्ठ कार्यालयातली एक बाई होती. आवाज एकदम वेगळा, घाई नाही. माझं पत्र तिच्या हातात होतं, तिने त्यातला परिच्छेद वाचून दाखवला. म्हणाली, बदल महत्त्वाचा आहे हे कंपनीला मान्य नाही, पण एक अपवाद म्हणून दोन्ही लाइनींची फी माफ करत आहोत. मला त्यांची मान्यता नको होती. मी विचारलं, "हे लेखी मिळेल का? रेफरन्स नंबरसकट?" ती म्हणाली, ईमेल करते. आला दोन दिवसांनी, १२ तारखेला. तो येईपर्यंत मी काहीही केलं नाही.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २००३ पासून इथे मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, आणि फी किंवा बिल बाकी आहे म्हणून जुनी कंपनी नंबर अडवू शकत नाही. पण नंबर गेला की जुनी लाइन आपोआप बंद होते, आणि करार चालू असेल तर त्याच क्षणी टर्मिनेशन फी लागते. म्हणून आधी माफीचा कागद, मग पोर्टिंग. आणि उलट बाजूने, आपण फोन करून लाइन आधीच बंद केली तर नंबर हातचा जातो. लाइन बंद करायला आपण सांगायचंच नाही, पोर्टिंगने ती होऊ द्यायची.

१५ मार्चला, शनिवारी, दुसऱ्या कंपनीचे प्रीपेड घेतले. या वेळी आधी मैत्रिणीचा त्याच कंपनीचा फोन घरी आणून सगळ्या खोल्यांत फिरवला होता. जुने फोन जुन्या कंपनीलाच लॉक केलेले, दुसरीकडे चालत नसत, म्हणून दोन साधे हँडसेट घ्यावे लागले, चाळीस डॉलर. पोर्टिंगला जुन्या बिलावरचा खाते क्रमांक, बिलावरचा पिन कोड आणि असल्यास पासवर्ड लागायचा. माझा नंबर तासाभरात आला. नवऱ्याचा नाही. रविवारभर त्याच्या नव्या फोनवरून कॉल जात होते, पण येणारे जुन्या फोनवर वाजत होते, त्यामुळे तो दोन्ही फोन दोन खिशांत घेऊन हिंडत होता. सोमवारी कळलं, दुकानातल्या माणसाने खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा लिहिलाच नव्हता. फॉर्मवर काय टाइप होतंय ते काउंटरवर वाकून बघा.

२ एप्रिलला शेवटचं बिल आलं: ३५० डॉलर, अधिक टॅक्स. दोन मिनिटं मी बिल हातात धरून नुसती उभी होते. मग फाइल काढली. संगणक लाइन बंद झालेली बघून फी आपोआप लावतो, आणि माफी कोणीतरी हाताने नोंदवावी लागते, ती नोंदवलेली नव्हती. फोनवर रेफरन्स नंबर सांगितला, ईमेल पाठवला, त्याच दिवशी रक्कम वजा झाली. ईमेल नसता तर त्या बाईचं नाव आणि माझी वही, एवढंच माझ्याकडे होतं.

मेच्या बिलावर शून्य होतं. डिपॉझिटचा चेक १२ मेला आला. मग मी आमचे क्रेडिट रिपोर्ट मागवले. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या. तिघांकडून तेव्हा वर्षातून एकदा प्रत्येकी एक रिपोर्ट फुकट मिळायचा, त्यासाठी सरकारमान्य साइट एकच आहे, अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट नावाची. कार्ड नंबर मागणाऱ्या दुसऱ्या साइटवर जाऊ नका. तिन्ही रिपोर्टांत फोन कंपनीचं नाव वसुलीत कुठेच नाही.

दरवाढीच्या बिलापासून चेकपर्यंत ९६ दिवस लागले. टपाल पाच डॉलर, हँडसेट चाळीस. हिरवं कार्ड आणि ईमेलची प्रिंट मी अजून फेकलेली नाही, दोन वर्षं तरी ठेवणार आहे, कारण जुनी खाती कधीकधी वसुली कंपन्यांना विकली जातात आणि मागणीपत्र खूप उशिरा येतं. आई आता आमच्या रात्री नऊची वाट बघते आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी, अनवाणी उभी राहून तिच्याशी बोलते.